गुणाकार नक्की करतंय कोण?

अधिकचं चिन्ह बघून कुणी दचकत नाही. पाटी-पेन्सिलीच्या वयात ते भेटतं आणि तेव्हापासून डोळा त्याच्यावर थांबायचं सोडून देतो. गुणाकाराच्या फुलीचंही तसंच. बिलावरची बेरीज आपण परत करून बघतो ती आकडे चुकलेत का हे पाहायला. चिन्ह आपलं काम करतंय ना, अशी शंका कुणाला येत नाही.

सी प्लस प्लससारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र ही शंका घ्यावी लागते. तिथं तुम्ही स्वतःचा एखादा क्लास (म्हणजे डेटाचा नवा प्रकार) बनवलात, समजा त्रिमितीतला व्हेक्टर (एक्स, वाय, झेड अशा तीन आकड्यांनी सांगितलेली दिशा आणि लांबी), तर त्याच्यासाठी +, *, <, == या चिन्हांचा अर्थ तुम्हीच लिहायचा. याला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. पुढं सगळीकडं 'अ + ब' असं शाळेतल्यासारखं लिहिता येतं. दिसतं चिन्ह, पण खाली एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, बोलावलं जातं, आणि त्याच्या पोटात कुणी काय लिहून ठेवलंय ते चिन्हाकडं बघून कळत नाही. 'बेरीज_करा' असं नाव असतं तर वाचणारा क्षणभर तरी थबकला असता, आत डोकावला असता. अधिकवरून नजर घसरते.

अलीकडं आमच्याकडं जे रामायण झालं त्याच्या मुळाशी ही घसरलेली नजर होती.

मी उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, मिसळ, तांबडा-पांढरा आणि पैलवान आठवतात. फाउंड्र्या सहसा आठवत नाहीत. उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं आली, ती बिघडली, ती दुरुस्त करता करता इथले मिस्त्री सुटे भाग स्वतःच ओतायला लागले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पसाऱ्यातून आज गाड्यांची, पंपांची, गिअरबॉक्सची कास्टिंग्ज बाहेर पडतात. ओतलेला भाग मशीनवर चढला की त्याला सगळे 'जॉब' म्हणतात.

आमच्या एका गिऱ्हाइकाला, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, मीही म्हणते, पंपाच्या हाउसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) माप तपासणारा प्रोग्राम हवा होता. हाउसिंगचा फेस (तोंडाचा पृष्ठभाग) सपाट आहे का आणि बोअर (आतलं गोल भोक) त्या फेसला काटकोनात बसलंय का, एवढंच सांगायचं. प्रोब, म्हणजे मोजणारी सुई, जॉबला ठिकठिकाणी टेकतो आणि प्रत्येक ठिकाणचे एक्स, वाय, झेड असे तीन आकडे देतो. सगळ्यात आधी प्रत्येक बिंदूतून डेटम, म्हणजे जिथून मोजायचं तो संदर्भाचा बिंदू, वजा करायचा. डेटम ठरल्याशिवाय मापाला अर्थ नाही, हे तिथला हेल्परसुद्धा सांगेल. मग फेसवरच्या तीन बिंदूंतून दोन व्हेक्टर काढायचे, त्यांचा क्रॉस गुणाकार घ्यायचा की फेसला लंब असलेली दिशा मिळते. तिची लांबी १ करून घ्यायची आणि बोअरच्या अक्षाशी ताडून बघायची. बोअर काटकोनात असेल तर दोन्ही दिशा एकच.

ही ताडणी पुष्कळ जण डॉट गुणाकारानं (दोन दिशा किती जुळतात ते एका आकड्यात सांगणाऱ्या) करतात. दोन्ही एकक (लांबी १ असलेले) व्हेक्टर एकाच दिशेला असतील तर डॉट १ येतो, हे खरं. पण कोन अगदी बारीक असताना डॉट बोथट असतो. दिशा ०.००१ रेडियननं चुकली तर डॉट १ पासून फक्त ०.००००००५ नं हलतो, आणि त्याच वेळी क्रॉसची लांबी सरळ ०.००१ येते. काटकोन तपासायचा तर क्रॉस बघावा. हे विषयाला सोडून झालं, पण कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून लिहून ठेवते.

तर लांबी १ करण्यासाठी व्हेक्टरला १ भागिले लांबी या संख्येनं गुणायचं असतं. संख्या गुणिले व्हेक्टर. तिथं प्रोग्राम पडायचा, म्हणजे मध्येच बंद व्हायचा.

"ताई, पडतंय की वो," आमच्याकडं काम करणारा गडहिंग्लजचा पोरगा म्हणाला.

"कुठं?"

"एकक करताना. पण त्या ओळीत काहीच न्हाई वो. नुसता गुणाकार हाय."

नुसता गुणाकार! त्यानं पॉइंटर तपासले, अ‍ॅरेच्या कडा तपासल्या, प्रोबची फाईल उलटीपालटी केली. सेगमेंटेशन फॉल्ट असा शेरा मिळाला की प्रोग्रामरचं डोकं आधी मेमरीकडंच धावतं, त्यात त्याचं काही चुकलं नाही. मग त्यानं जागोजागी छापायच्या ओळी घातल्या आणि आउटपुट एका फाईलमध्ये वळवलं. फाईल रिकामी. त्यावरून त्यानं ताडलं की गाडी त्या ओळींपर्यंत पोचतच नाही. असं फसायला होतं, कारण फाईलमध्ये जाणारा मजकूर आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतो, आणि प्रोग्राम आडवा झाला की त्याच्याबरोबर बफरही जातो. ओळ छापली गेलेली असते, फक्त फाईलपर्यंत पोचलेली नसते. अशा वेळी बफर न करणारा सीईआरआर हा छापायचा मार्ग वापरावा, नाहीतर सरळ डीबगर (प्रोग्रामच्या आत डोकावायचं साधन) लावावा.

जीडीबी हा डीबगर लावला आणि बॅकट्रेस, म्हणजे कुणी कुणाला हाक मारली त्याची यादी, मागितला. पडदा भरून ओळी आल्या. एक ओळ 'व्हेक्टर गुणिले संख्या', तिच्याखाली 'संख्या गुणिले व्हेक्टर', पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. एंटर दाबत राहा, संपता संपत नाही. अशा वेळी वरच्या ओळी वाचण्यात अर्थ नसतो, कारण तिथं फक्त गोंधळ दिसतो. तळाच्या दहा ओळी मागवायच्या, जीडीबीत बीटी (बॅकट्रेस) या आज्ञेच्या पुढं उणे दहा लिहून. पहिली हाक कुणी मारली ते तिथं कळतं.

मूळ होतं दोन छोट्या फंक्शनांत. पहिलं म्हणत होतं: व्हेक्टर गुणिले संख्या म्हणजे संख्या गुणिले व्हेक्टर. दुसरं म्हणत होतं: संख्या गुणिले व्हेक्टर म्हणजे व्हेक्टर गुणिले संख्या.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. गणिताच्या पेपरात लिहिली असती तर दोन्हींना पूर्ण मार्क. संख्येनं गुणताना क्रम उलटा केला तरी उत्तर बदलत नाही. (क्रॉस गुणाकारात बदलतं, तिथं चिन्ह उलटं होतं. गणिती हॅमिल्टननं १८४३ मध्ये क्वाटर्नियन, म्हणजे चार भागांच्या संख्या, शोधले तेव्हा क्रम बदलला की उत्तर बदलणारा गुणाकार स्वीकारणं हा त्यातला एक अवघड भाग होता.) म्हणून तर ही दोन फंक्शनं वाचून कुणाच्याही भुवया उंचावत नाहीत. डोकं म्हणतं, खरंय की. पण समीकरण खरं असणं वेगळं आणि त्यातून गुणाकार होणं वेगळं. एक्सला, वायला, झेडला त्या संख्येनं प्रत्यक्ष गुणणारी ओळ या दोघांतल्या एकातही नव्हती. प्रोग्रामभर शोधली, कुठंच नव्हती.

फंक्शननं दुसऱ्या फंक्शनला हाक मारली की परत कुठं यायचं ते स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एका मर्यादित जागेत, लिहून ठेवावं लागतं. लिनक्सवर सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, विंडोजवर मुख्य थ्रेडला १ एमबी. एका हाकेला १०० बाइट लागले असं धरलं तर ८ एमबीत ८३ हजारांहून जास्त हाका मावतात. आजच्या प्रोसेसरला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून प्रोग्राम सुरू होताच पडल्यासारखा वाटतो. पायथॉन ही भाषा याबाबतीत सोशिक कमी आणि बोलका जास्त: साधारण १००० पायऱ्या झाल्या की रिकर्शन (फंक्शननं फिरून स्वतःलाच हाक मारणं) एरर देऊन स्वच्छ सांगते की बाबा, तू गोल फिरतोयस. सी प्लस प्लस काही सांगत नाही. कडेलोट होईपर्यंत जाऊ देतं.

यात रिकर्शनला दोष द्यायचं कारण नाही. आपली पाटीवरची बेरीजसुद्धा रिकर्शननंच मांडता येते. पेआनो या गणितज्ञाच्या १८८९ च्या मांडणीत एखाद्या संख्येत १ मिळवला की पुढची संख्या येते, आणि त्याहून मोठं काही मिळवायचं तर ते एकेक पायरीनं लहान करत आणायचं. फरक इतकाच की तिथली प्रत्येक हाक आधीपेक्षा लहान संख्येला जाते आणि १ पाशी येऊन थांबते. आमच्या दोन फंक्शनांत तोच व्हेक्टर आणि तीच संख्या इकडून तिकडं जात होती. काहीच लहान होत नव्हतं.

मग ही जोडी आली कुठून? एकाच माणसानं असं लिहिलं असतं तर त्याला कुणी शहाणा म्हटलं नसतं. गिटचा (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) इतिहास उघडल्यावर गंमत कळली. सुरुवातीला दोन्ही फंक्शनांत खरा गुणाकार होता, त्याच तीन ओळी दोनदा. गडहिंग्लजच्या पोरानं आपल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) ती पुनरुक्ती बघितली आणि पहिल्यातला गुणाकार काढून त्याला दुसऱ्यावर टेकवलं. आमच्याकडं इचलकरंजीची एक पोरगी काम करते, तिनं तिच्या ब्रँचवर तीच पुनरुक्ती बघितली आणि दुसऱ्यातला काढून त्याला पहिल्यावर टेकवलं. दोघांनीही शिकवल्याप्रमाणं केलं: एकच गोष्ट दोनदा लिहू नये. दोघांच्या ब्रँचवर टेस्ट पास. फंक्शनं फाईलमध्ये लांब लांब होती, त्यामुळं मर्ज करताना गिटला कुठं भांडण दिसलं नाही. त्यानं दोन्ही बदल निमूट एकत्र केले. ज्याला आपण कॉन्फ्लिक्ट म्हणतो तो गिटच्या लेखी ओळींचा असतो. अर्थाचा कॉन्फ्लिक्ट त्याला कळायचं कारण नाही.

मला यात रस वाटला तो याचा, की चूक दाखवायला बोट ठेवावं अशी ओळच नाही. त्याचा बदल एकटा बरोबर, तिचा बदल एकटा बरोबर. दोघांनीही समोरचा जागेवर आहे असं धरून आपली जागा सोडली.

कंपायलरनं (कोड वाचून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्यानं) का नाही सांगितलं, असं पोरगीनं विचारलं. काही अंशी सांगतो. क्लँग या कंपायलरमध्ये अनंत रिकर्शनसाठी इशारा बऱ्याच काळापासून आहे, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरनं १२ व्या आवृत्तीत आणला. पण हे इशारे प्रामुख्यानं स्वतःच स्वतःला हाक मारणारं फंक्शन पकडण्यासाठी आहेत. दोघं एकमेकांना हाक मारत असतील, त्यातून ते वेगवेगळ्या फाईलींत असतील, तर एकेक फाईल वाचणाऱ्या कंपायलरला वर्तुळ पूर्ण दिसतच नाही. आणि सरसकट उत्तराची तर आशाच सोडावी. कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही हे ठरवून देणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगनं १९३६ मध्ये सिद्ध करून ठेवलंय.

गुणाकार दुरुस्त झाला. वेगवान बिल्ड (कंपायलरनं वेगासाठी घासूनपुसून तयार केलेला प्रोग्राम) करून पोरांनी ती आण्णांच्या पीसीवर टाकली, आणि तिथून फोन.

"प्रोग्राम पडत न्हाई आता. पण उत्तर बी देईना. पंखा नुसता घरघरायला लागलाय."

त्याच साफसफाईच्या दिवशी तुलनेच्या चिन्हांवरही हात फिरला होता. बिंदू क्रमानं लावण्यासाठी आधी एक्स, मग वाय, मग झेड बघणारं < असं चिन्ह होतं आणि त्याच्या जोडीला >. आता 'अ लहान ब' म्हणजे 'ब मोठा अ' आणि 'ब मोठा अ' म्हणजे 'अ लहान ब'. दुखणं तेच, पण पहिल्या वेळी प्रोग्राम पडला आणि या वेळी लटकला. हा फरक पोरांना पटवताना मला कापूसकोंड्याची गोष्ट आठवली.

"कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "सांग." "सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "नको." "नको काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोरांना रडवणारं हे अनंत रिकर्शन. पण नीट बघा, सांगणाऱ्या आजीवर ओझं काहीच नाही. मघाशी नातू काय म्हणाला होता ते तिला लक्षात ठेवावं लागत नाही. शेवटचा शब्द उचलायचा, प्रश्न चिकटवायचा, झालं. ती दिवसभर सांगू शकते. याउलट प्रत्येक फेरीला ती म्हणाली असती की "थांब, हे संपलं की तुझ्या मघाच्या उत्तराकडं परत येते," तर अशी परत यायची वचनं साठत साठत शेवटी तिलाच झेपली नसती.

आमच्या < आणि > मध्ये आजीची पहिली तऱ्हा होती. समोरच्याकडून जे उत्तर येईल ते जसंच्या तसं पुढं द्यायचं, आपण त्यात काही करायचं उरलेलं नाही. फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्याला हाक मारणं एवढंच असेल तर वेगवान बिल्डमध्ये ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) परत यायची जागा लिहूनच ठेवत नाही, तीच जागा पुन्हा वापरतो. स्टॅक वाढत नाही म्हणून प्रोग्राम पडत नाही. फिरत राहतो. त्याच कोडची डीबग बिल्ड (चुका शोधायला केलेली, न घासलेली) मात्र प्रत्येक हाकेची नोंद ठेवते आणि पडते.

म्हणून लटकलेल्या प्रोग्रामला जीडीबी जोडून थांबवला तर लांबलचक बॅकट्रेस मिळत नाही. चार-दोन ओळी दिसतात आणि माणसाला वाटतं, इथं तर सगळं ठीक आहे. दोन-तीनदा थांबवून बघावं. दर वेळी त्याच दोन फंक्शनांपैकी एकात सापडला तर ओळखावं. नाहीतर सरळ डीबग बिल्ड करावी आणि त्याला पडू द्यावं. पडणारा प्रोग्राम परवडला. तो निदान पुरावा मागं ठेवतो.

हा सगळा प्रकार झाल्यावर चिन्हं ओव्हरलोड करूच नयेत असं म्हणणारे भेटतात. जावा ही भाषा बनवणाऱ्या जेम्स गॉसलिंगनं तिच्यातून हे मुद्दाम वगळलं, कारण सी प्लस प्लसमध्ये लोकांनी त्याचा केलेला गैरवापर त्यानं बघितला होता. मला त्याचं दुःख समजतं, उपाय पटत नाही. व्हेक्टरचं सूत्र 'बेरीज_करा(गुणा(अ, २), वजा_करा(ब, क))' असं लिहिलं तर चूक आणखी खोल लपते, कारण सूत्र ओळखूच येत नाही. माझं म्हणणं, चिन्हाला शाळेतला अर्थ असेल तिथंच ते वापरावं. आमच्या पोरगीनं क्रॉससाठी ^ हे चिन्ह घेतलं होतं, ते मी काढायला लावलं. चिन्हाचा अर्थ बदलता येतो, त्याचा अग्रक्रम बदलता येत नाही. ^ हे + च्या मागून येतं, त्यामुळं 'अ ^ ब + क' लिहिलं की आधी ब आणि क यांची बेरीज होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. क्रॉसला 'क्रॉस' हेच नाव बरं.

सी प्लस प्लसच्या २०२० च्या आवृत्तीनं तुलनेची डोकेदुखी बरीच कमी केली. <=> हे एकच चिन्ह लिहा, <, >, <=, >= कंपायलर त्यातून काढून घेतो. पण त्याच आवृत्तीत 'अ == ब' शोधताना कंपायलर 'ब == अ' हा पर्यायही स्वतःहून धरायला लागला, आणि जुन्या कोडमध्ये ही उलटापालट हातानं लिहिलेली होती तिथं काही ठिकाणी वर्षानुवर्षं चाललेली फंक्शनं स्वतःलाच हाक मारायला लागली. कोडला हात न लावता, नुसती भाषेची आवृत्ती बदलून.

दुरुस्ती करताना खरा वाद झाला तो गुणाकार कुणाकडं ठेवायचा यावर. पोरगा म्हणे माझ्याकडं, पोरगी म्हणे माझ्याकडं. सी प्लस प्लसमधली जुनी रीत अशी की *= या चिन्हानं प्रत्यक्ष काम करायचं, एक्स, वाय, झेडला तिथंच हात लावायचा, आणि दोन्ही * नं त्याच्यावर टेकायचं. टेकण्याची दिशा एकच. += आणि + चंही तसंच. दोघांच्या हातातून गुणाकार काढून घेतल्यावर दोघंही गप्प झाले. तुलना आम्ही <=> वर नेली.

पोरानं *= च्या डोक्यावर कमेंट लिहिली: "हितं खरा गुणाकार हाय. फुडं ढकलायचा न्हाई."

"कमेंट वाचतंय कोण?" पोरगी म्हणाली. तिनं टेस्ट लिहिली: दोन्हीकडून गुणलं तर उत्तर सारखंच यायला पाहिजे. मी म्हटलं, ही ठेव, पण एवढीवर भागणार नाही. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या तरी ही पास होईल. (१, २, ३) ला २ नं गुण आणि (२, ४, ६) आलं का बघ. तेही मर्ज झाल्यावर बघ, आधी आपापल्या ब्रँचवर नव्हे.

नवी बिल्ड आण्णांकडं चालली. पहिल्याच लॉटमधल्या काही हाउसिंगचे फेस सपाट नाहीत असं तिनं सांगितलं, ते आण्णांना अजिबात पटलं नाही. त्यांनी जॉब सरफेस प्लेटवर घेऊन डायल लावला, बराच वेळ सुईकडं बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. पण नुसतं रिजेक्ट म्हणून काय उपयोग? कुठला कोपरा उंच हाय ते सांगाय पायजे की."

म्हणजे मोठ्यात मोठं माप शोधणं आलं, म्हणजे पुन्हा तुलना आली.

"ती मी लिहिते," पोरगी म्हणाली.

"न्हाई, मी लिवतो," पोरगा म्हणाला.